दुपारचे दोन शतांश

समजा, घरामागच्या खोलीत तुम्हाला एक जुनं मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरने लोखंड तासणारं यंत्र, बसवायचं आहे. वजन नऊशे किलो, आणि खोलीचं दार जेमतेम साडेतीन फुटांचं. पहारीने एक कोपरा बोटभर उचलायचा, खाली लोखंडी पाइप सारायचा, मशीन वीतभर ढकलायचं, मागे सुटलेला पाइप उचलून पुन्हा पुढे ठेवायचा. घाई केलीत तर पायाची बोटं गेलीच म्हणून समजा. अंगणातून खोलीत पोचायला अख्खा दिवस जाईल. पोचल्यावर तुम्ही कपाळ पुसाल आणि म्हणाल, चला, झालं काम.

काम तिथून पुढे सुरू होतं. परतबाईंनाही ते दुसऱ्या दिवशी कळलं.

त्यांचं खरं नाव कारखान्यात कुणी घेत नसे. एकतीस वर्षं त्या तपासणी विभागात होत्या. कापून आलेला तुकडा मायक्रोमीटरच्या चिमटीत धरायचा, आकडा बघायचा आणि चुकला असेल तर ट्रे सरकवून एकच शब्द उच्चारायचा, "परत." निवृत्तीच्या दिवशी सगळे गोड बोलत असताना मिलिंगवरचे मिस्त्री मात्र उभे राहून म्हणाले, "बाई, जन्मभर आमचे तुकडे परत केलेत. आता एक तुकडा स्वतः कापा आणि स्वतःच पास करा. मग मानलं तुम्हाला." लोक हसले, बाईही हसल्या. पण ते वाक्य कुसळासारखं आत रुतून बसलं. दोन वर्षांनी एक छोटं वर्कशॉप बंद होतंय असं कळलं, तेव्हा बाई तिथलं मिलिंग मशीनच घेऊन आल्या.

"फ्रिज घ्यायला तुला तीन वर्षं लागली, ताई," धाकटी बहीण म्हणाली. दोघी एकत्रच राहत. "आणि हे धूड एका फेरीत पसंत?"

"फ्रिजपुढे उभं राहून मला कुणी आव्हान दिलं नव्हतं."

मदतीला बोलावलं ते त्याच मिस्त्रींना. तेही आता निवृत्त झाले होते. "मीच बोललो होतो, आता मीच भोगतो," म्हणत ते आले.

आधी मशीन समपातळीत आणायचं. बाई गुडघ्यांवर बसून टेबलावरच्या लेव्हलचा बुडबुडा बघत होत्या आणि मिस्त्री पायांखाली पातळ पत्र्याचे तुकडे सारत होते. बुडबुडा मध्यावर आला. मिस्त्री उठून बाजूला झाले, तसा तोही सरकला.

"मिस्त्री, परत तिथेच या बघू. आता मागे जा. आता पुढे."

"मी माणूस आहे की वजनाचं माप?"

"तुमच्या वजनानं फरशी वाकतेय!"

"सगळंच वाकतं, बाई. हे बघा." कटर बसतो त्या मशीनच्या डोक्याला त्यांनी केसाएवढी हालचालही दाखवणारा काट्याचा डायल लावला, त्याचं टोक टेबलावर टेकवलं. "आता मशीनच्या या उभ्या खांबाला तळहातानं रेटा."

बाईंनी रेटलं. काटा अर्धं घर हलला. हात काढला, काटा जागेवर. त्यांनी पुन्हा रेटलं. मग पुन्हा. आजवर बाईंच्या हातात आलेलं लोखंड कापून, थंड होऊन, मुकाट झालेलं असे. न हलणारी वस्तू म्हणजे लोखंड, अशी त्यांची समजूत होती. इथे वितीएवढ्या जाडीचा ओतीव खांब त्यांच्या तळव्याला उत्तर देत होता. सातव्यांदा रेटताना बहिणीने पाहिलं आणि म्हणाली, "नवी बेल बसवलीये का?"

चौथ्या दिवशी सकाळी मशीनचं डोकं टेबलाशी काटकोनात आणलं. डायल हाताने गोल फिरवायचा. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे काटा तोच आकडा दाखवेल तेव्हा बोल्ट आवळायचे. जेवणं झाल्यावर बाईंनी पोलादाचा तळहाताएवढा ठोकळा टेबलावरच्या चापात धरला आणि कटर सुरू केला. काळपट कातडी सोलली जाऊन खालून लख्ख पट्टा उगवत गेला. असे लाखभर पृष्ठभाग त्यांनी तपासले असतील. जन्माला येताना हा पहिलाच पाहिला. श्वास रोखून त्या शेवटपर्यंत चाक फिरवत राहिल्या.

ठोकळा गार होऊ दिला. मोजला. मागची कड पुढच्या कडेपेक्षा मिलिमीटरच्या दोन शतांशांनी जाड. त्यांनी स्वतःला मुभा दिली होती एका शतांशाची.

"घरचाच मामला आहे," मिस्त्री म्हणाले. "टाका पास करून. कोण बघतंय?"

"मी बघतेय. परत."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. सकाळी डायल अगदी खरा, आणि दुपारी कापलं की मागची कड दोन शतांश जाड. मिस्त्रींनी बोल्ट पुन्हा आवळले, चाप उलटा करून पाहिला, बेअरिंगला कान लावला. काही सापडेना.

चौथ्या दुपारी बाई खोलीत शिरल्या आणि किंचाळल्याच. मशीनच्या पाठीवर ओला टॉवेल पसरलेला होता.

"हे काय! मशीन आहे की दोरी?"

"अगं, दोरीवर संध्याकाळपर्यंत दमट राहतो," बहीण शांतपणे म्हणाली. "इथे तासाभरात खडखडीत. मागून तव्यासारखं तापतं ते."

बाई आणि मिस्त्री एकमेकांकडे बघत राहिले. इतके दिवस दोघे काट्याकडे टक लावून होते आणि खांबाच्या मागे हात लावून बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं. बाईंनी एक तळवा पुढून टेकला, दुसरा मागून. पुढे गार, मागे ऊन. मागे पश्चिमेची खिडकी, बिनपडद्याची.

तापलेली बाजू लांबते, गार बाजू लांबत नाही, मग खांब पुढे झुकतो आणि त्याच्याबरोबर डोकंही. हे दोघांनाही पाठ होतं. पण बाई खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उन्हाकडे पहिल्यांदाच बघितल्यासारख्या बघत होत्या. जे खोलीत सरकवायला अख्खा दिवस लागला, ते धूड हे ऊन रोज वाकवत होतं. काचेतून येऊन, जराही आवाज न करता.

मग एकदम त्या म्हणाल्या, "मिस्त्री, कारखान्यात तुमचं मशीन कुठं होतं हो?"

"पश्चिमेच्या खिडक्यांखाली."

"आणि मी तुमचे तुकडे..."

"दुपारचे. सकाळचे कधीच परत केले नाहीत तुम्ही." मिस्त्री चिंधीने हात पुसत राहिले. "अहो, तुकडे वाकडेच होते. परत केलेत ते बरोबरच."

"परत केले ते बरोबर. पण फॉर्मवर कारणाचा रकाना होता."

"होता ना. 'कामगाराचा निष्काळजीपणा.' अक्षर सुंदर आहे तुमचं."

बाई खाली स्टुलावर बसल्या. "चुकलं माझं, मिस्त्री."

"मला तरी कुठं माहीत होतं? मी घरी जाऊन आपलेच हात बघत बसायचो. वाटायचं, जेवल्यावर सैल पडतात."

त्यांनी हातांकडे आत्ताही एकदा पाहिलं. मग दोघांनी मिळून खिडकीला आतबाहेरून जाड गोधड्या ठोकल्या. बहिणीने आपली चांगली गोधडी ओळखली आणि फक्त "हं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुद्दाम तीच दुपारची वेळ धरली आणि नवा ठोकळा कापला. गार झाल्यावर मायक्रोमीटर मिस्त्रींच्या हातात दिला. "तुम्ही मोजा."

मिस्त्रींनी चारही कोपरे मोजले, मग पुन्हा मोजले. चारही आकड्यांतला फरक अर्ध्या शतांशाच्या आत होता. "शब्द तुमचा आहे," ते म्हणाले.

बाईंनी ठोकळा उचलून बराच वेळ तळहातावर धरला. मग खात्रीसाठी स्वतः मोजला आणि चमकल्या. चारही कोपरे सारखेच, पण प्रत्येक अर्ध्या शतांशाने वाढलेला. त्यांनी तो टेबलावर ठेवला, चहा होईपर्यंत हात लावला नाही, आणि पुन्हा मोजला. आकडा मिस्त्रींनी मोजला होता तोच.

"पास," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांनी कारखान्यात कधी मोठ्याने उच्चारला नव्हता. पास झालेला ट्रे नुसता पुढे जायचा.

मिस्त्रींनी कपाळाला हात लावून सलाम ठोकला. पण बाईंचं लक्ष हातातल्या मायक्रोमीटरकडे होतं.

"मिस्त्री, फरशी वाकते. खांब वाकतो. ठोकळा नुसता हातात धरला तरी फुगतो. आणि हे मापही माझ्या हातात तापतच असणार की. मग इतकी वर्षं मी मोजत होते, ते नेमकं कशाच्या मानानं?"