प्रणालीचा फिका पट्टा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला का सांगते आहे — तेही मला नीट कळलेलं नाही.

मी नाशिकच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. प्रणाली माझ्याकडे पीएचडी करत होती. सायखेड्याची, घरचा भाजीपाल्याचा धंदा, घरात इतकं शिकलेली ती पहिलीच. सकाळच्या एसटीने यायची आणि माझ्याआधी लॅब उघडायची. हात इतका स्थिर, की तिचं काम नुसतं बघत राहावं. आणि त्या मुलीला मी — थांबा, आधी प्रयोग सांगते.

पेशीवर रिसेप्टर असतात. बाहेरून वाढीचा निरोप आला की त्यांच्यावर फॉस्फेट चढतात आणि निरोप आत जातो. फॉस्फेटेज नावाची प्रथिनं ते फॉस्फेट उतरवतात, म्हणजे निरोप थांबवतात. माझा प्रबंध, माझं नाव, सगळं यावरच उभं होतं. प्रणालीने आमच्या पेशींतलं असं एक फॉस्फेटेज बंद पाडलं. आता निरोप वाढायला हवा, म्हणजे फिल्मवर निरोपाचा जो पट्टा उमटतो, तो गडद यायला हवा. तो फिका आला. तिने पुन्हा केलं — फिका. तिसऱ्यांदाही फिकाच.

"मॅडम, हे निरोप थांबवत नसेल, उलट पुढे नेत असेल तर?" तिने घाबरतच विचारलं.

काही फॉस्फेटेज तसं करतात, हे मला माहीत नव्हतं का? होतं. वाचलं होतं मी. पण सगळ्या लॅबसमोर मी म्हणाले, "तू नळ्यांची अदलाबदल केलीस. असल्या निष्काळजी हातांनी संशोधन होत नाही."

ती नुसती आपल्या हातांकडे बघत राहिली. पंधरा दिवसांनी तिने पीएचडी सोडली. अर्जात लिहिलं होतं — घरगुती कारण.

दिवाळीच्या सुट्टीत, लॅब रिकामी असताना, मी तो प्रयोग स्वतः केला. पट्टा फिका आला. दुसऱ्यांदाही फिका. तिचा नंबर फोनमध्ये होता. फोन करायला किती वेळ लागतो? मी केला नाही. पुढे तो निष्कर्ष छापला — माझ्या नावाने. आभारातसुद्धा तिचं नाव घातलं नाही; कुणी विचारलं असतं, मग ती का गेली? जुनं मत सोडण्याचा मोठेपणा दाखवला म्हणून लोकांनी माझं कौतुक केलं. आणि मी ते ऐकून घेतलं.

एवढंच असतं तर — नाही, एवढंच नाही.

गेल्या हिवाळ्यात पंचवटीच्या भाजीबाजारात एक माणूस कोथिंबिरीच्या जुड्या बाजूला सारून उठला. "वळखलं का मॅडम? प्रणालीचा बाप." मी तिची चौकशी केली. लग्न झालंय, म्हणाले, पण पुस्तक हातात धरत नाही. मग त्यांनी हात जोडले. भर बाजारात.

"पोरीच्या हातनं चूक झाली, तुमचं लय नुकसान झालं. तिला अजून लागून हाय ते. राग धरू नका."

तेव्हा तरी सांगायचं होतं ना? चूक तिची नव्हती — एवढंच तर म्हणायचं होतं. समोर बाप उभा होता तिचा.

मी म्हणाले, "असू द्या, दादा. मी केव्हाच माफ केलंय तिला."

त्यांचे डोळे भरून आले. "आजच सांगतो तिला," ते म्हणाले.