दुष्काळात मांडलेल्या खुर्च्या

भाड्यानं दिलेली खुर्ची परत येते. कधी पाय मोडून येते, कधी पनीरची भाजी लावून येते, पण येते. तिच्यासोबत एखादा किस्सा पण येतो, अन् तो परत न्यायला मात्र कोणी येत नाही. आमच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये आता खुर्च्यांपेक्षा किस्सेच जास्त झालेत. मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "सुनंदा, तुझा धंदा लई मजेचा गं!" मजेचा व्हय! ऐका मग.

आम्ही राहतो बजाजनगरात. आमचे हे, म्हणजे दिगंबर, वाळूजच्या एका कंपनीत होते. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात ह्यांचा नंबर लागला. घरी येऊन जेवले, हात धुतले अन् म्हणले, "आपण पार्टीचं सामान भाड्यानं द्यायचं."

मी म्हणलं, "अहो, गावाकडं प्यायला पाणी नाय. पार्टी कोण करणार?"

"शहर बघ ना किती वाढतंय! बायपासला रोज नवी बिल्डिंग. माणूस पगाराशिवाय राहील, पण लेकराचा वाढदिवस केल्याशिवाय राहायचा नाही!"

स्वतःच्या लेकीचा वाढदिवस त्या महिन्यात आम्ही शिऱ्यावर भागवला होता, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. मी पण आठवण करून दिली नाही.

* * *

पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ह्यांनी हवेचा जंपिंग किल्ला आणला. पंख्यानं हवा भरायची, किल्ला उभा राहतो, लेकरं आत उड्या मारतात. सामान न्यायला कलीमभाईंचा टेम्पो. कलीमभाई म्हणजे टेम्पोचे मालक, ड्रायव्हर, हमाल अन् आमचे एकमेव हितचिंतक, सगळं एकच माणूस.

पहिली ऑर्डर मुकुंदवाडीला. वाढदिवसाची पार्टी, आत लेकरांची झुंबड. केक कापायची तयारी झाली अन् लाईट गेली.

किल्ला एकदम पडत नाही हो. हळूहळू बसतो. आधी बुरूज वाकले, मग भिंती. बघता बघता सगळी लेकरं प्लॅस्टिकखाली गडप! वरून नुसती हलणारी टेंगळं दिसायली. आया किंचाळायल्या. कलीमभाई पालथे पडून आत घुसले अन् हाताला लागेल तो पाय ओढून एकेक लेकरू बाहेर काढायले. "ये किसका है? लो. ये किसका है? लो."

वाढदिवस ज्याचा होता त्याची आजी काठी आपटत पुढं आली. "ओ भाऊ, आधी आमचा काढा! केकवर नाव त्याचं हाय!"

कुणाला खरचटलं सुद्धा नाही, देवाची कृपा.

* * *

त्याच वर्षी लग्नाच्या तिथी दाट होत्या. आम्ही आशेवर होतो. फोन मीच घ्यायचे. अन् फोन यायचे ते सगळे एकाच सुरात. "ताई, यंदाचं राहू द्या." "ताई, पुढच्या वर्षी बघू." "ताई, विहिरीला पाणी नाय, वऱ्हाडाला काय देऊ?"

मग एक जण फुलंब्रीकडून बोलला. आवाज थकलेला. म्हणला, "ताई, कॅन्सल नाय करत. लग्न होणार. फक्त खुर्च्या दोनच पाठवा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "दोन?"

"एक नवरदेवाला, एक नवरीला. त्या राजा-राणीच्या असतात ना, त्या."

"अन् पाहुण्यांना?"

"पाहुणे उभे राहतील, अक्षता टाकतील अन् जातील."

"अहो, असं कसं? कोणी म्हातारं-कोतारं असतं..."

तो म्हणला, "ताई, बसलेला माणूस पाणी मागतो."

आम्ही दोन खुर्च्या पाठवल्या. ह्यांनी भाडं लावलं नाही. पण कलीमभाई सांगत आले, तिथं खरंच सगळे उभे होते. बँड नाही, गोंधळ नाही. फोटोग्राफरनं म्हणे, "जरा हसा" असं म्हणलं, तर नवरीच रडायली.

* * *

पुढच्या होळीला ह्यांनी नवीन टूम काढली. रेन डान्स! वर पाईप, पाईपला फवारे, खाली डीजे. बायपासच्या एका मोठ्या सोसायटीनं बुकिंग केलं. पाणी कुठलं, तर सोसायटीनं टँकर सांगितला होता.

आता त्या सोसायटीत नळाला पाणी यायचं ते आठवड्यातून एखाद्या वेळी, ते पण मनात आलं तर. टँकर गेटमधून आत आला, डीजेनं गाणं लावलं, लेकरं रंग लावून तयार. हे पाईप जोडायला गेले तर टँकरभोवती बाया! हंडे, बादल्या, कळशा, एकीच्या हातात तर प्रेशर कुकर!

सेक्रेटरी ओरडायले, "मॅडम, हे पाणी एन्जॉयमेंटसाठी आहे!"

एक बाई बादली न सोडता म्हणली, "आम्ही पण एन्जॉयच करणार ना! चार दिवसांनी केस धुणार!"

पाईप जोडेपर्यंत टँकर रिकामा. लेकरं कोरड्या फवाऱ्यांखाली नाचली. फवाऱ्यांतून हवा यायली फुस्स फुस्स. हे घरी आले तर मी विचारलं, कसा झाला कार्यक्रम?

हे म्हणले, "डान्स झाला. रेन तेवढी राहिली!"

अन् मग हसले. लग्नानंतर त्यांचं असं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यात गंमत नव्हती. मला ते आवडलं नाही.

* * *

त्या उन्हाळ्यात अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे सासरे. गावाकडची विहीर आटली, दोन म्हशी अन् एक बैलजोडी बाजारात गेली, अन् अण्णा पिशवी घेऊन दारात. म्हणले, "पाऊस पडला की जातो."

दिवसभर गोडाऊनमध्ये बसायचे. गिऱ्हाईक त्यांनाच मालक समजायचं अन् अण्णा गिऱ्हाइकाला सांगायचे, "कशाला खर्च करता? घरात सतरंजी नाय का?" ह्यांनी कपाळाला हात लावला, पण बापाला बोलणार काय?

तेव्हा क्रांती चौकाजवळच्या एका मैदानात दुष्काळावर सभा होती. आमची मोठी ऑर्डर. खुर्च्या, मंडप अन् स्टेजसाठी पाण्याचे तुषार उडवणारे पंखे, ते ह्यांनी नुकतेच आणले होते. अण्णा हट्टानं सोबत गेले.

स्टेजवरचे प्रमुख पाहुणे बोलायले, "बंधूंनो, पाण्याचा थेंब न थेंब वाचवला पाहिजे!" अन् त्यांच्या दोन्ही बाजूंनी पंखे पाण्याचा धूर सोडायले. अण्णा पहिल्या रांगेतून उठले, पंख्यापुढं जाऊन उभे राहिले, डोळे मिटले अन् दोन्ही हातांनी तोंड धुवायला लागले. निवांत. मागची मान सुद्धा.

एक कार्यकर्ता धावला. "काका, बाजूला व्हा! साहेब दिसत नाहीत!"

अण्णा डोळे न उघडता म्हणले, "ऐकू येतेत की. बास झालं."

वळून बघतात तर मागं रांग! खेड्यापाड्यातून आलेली माणसं, खांद्यावरचे गमजे हातात घेऊन. साहेब बोलत राहिले अन् आख्खी सभा तोंड धूत राहिली.

सभा भरवणारे आम्हाला परत कधी बोलावणार नव्हते. टेम्पोत अण्णा म्हणले, "दिगू, यंत्र लई चांगलं हाय."

* * *

मग गावोगाव जनावरांच्या छावण्या पडल्या. सावलीला कापड पाहिजे म्हणून आमच्याकडं विचारणा झाली. हिरवी जाळी आमच्याकडं नव्हती. होतं ते लग्नाचं मरून रंगाचं कापड, सोनेरी झालरीचं. तेच दिलं. खाली गाई-बैल, वर शाही मांडव!

ह्यांना राहवलं नाही. छताचा फोटो काढला, जनावरं येणार नाहीत असा, अन् जाहिरात म्हणून सगळ्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी एका बाईचा फोन. "ते मरून डेकोरेशन फार क्लासी आहे हो! कुठं केलंय?"

मी खरं तेच सांगितलं. "छावणीत."

आता आमच्या शहरात छावणी नावाचा मिलिटरीचा आख्खा भाग आहे. बाई खुश! "अय्या, कॅन्टोन्मेंटमध्ये! तरीच! आर्मीवाल्यांची टेस्टच वेगळी. पाहुणे किती होते?"

मी म्हणलं, "भरपूर होते."

"अन् जेवण?"

"जेवण सरकारी होतं, मॅडम."

बाईंनी तेच कापड मुलाच्या मुंजीला बुक केलं. कलीमभाईंनी ते तीन वेळा धुऊन आणलं, तेही कुठून पाणी मिळवून, त्यांचं त्यांना माहीत. मुंजीत एक आजोबा वर बघून शेणाचा वास हुंगत होते म्हणे.

* * *

नाताळच्या सुट्टीत एका सोसायटीला सांताक्लॉज पाहिजे होता. ठरलेला माणूस आलाच नाही. ड्रेस आमचाच. ह्यांनी कलीमभाईंकडं बघितलं.

कलीमभाई म्हणले, "नक्को दादा. मेरे को हसना नहीं आता."

पण शेवटी घातला. दाढी लावली, पोटाला उशी बांधली. लेकरं भोवती जमली. कुणी सायकल मागितली, कुणी व्हिडिओ गेम. एक छोटी पोरगी, तिथल्या वॉचमनची असावी, बाकीच्यांच्या मागं उभी होती. तिची पाळी आली तर कानाशी लागून म्हणली, "सांताकाका, आमच्याकडं टँकर पाठवता का? आई भांडून येते रोज."

कलीमभाईंच्या गल्लीत तेव्हा त्यांची बायको सकाळपासून ड्रम घेऊन लायनीत उभी. त्यांनी दाढी खाली ओढली अन् म्हणले, "बेटा, मैं बी लाइन में इच हूँ."

ती पोरगी समजल्यासारखी मान हलवून गेली. चॉकलेट घ्यायचं विसरली. कलीमभाई नंतर टेम्पोत बराच वेळ तसेच बसले होते, लाल टोपी घालून. मी चहा नेऊन दिला तर म्हणले, "भाभी, ये काम मेरे को फिर से मत बोलना."

* * *

मग एका वर्षी पाऊस झाला. चांगला झाला. गावाहून फोन आला की विहिरीला पाणी लागलं. मी अण्णांना म्हणलं, "अण्णा, आता गावाकडं जायचं म्हणत होता ना?"

अण्णा गोडाऊनच्या दारात बसले होते. म्हणले, "आता जाऊन कोणाला पाणी पाजू, सुनंदा?"

परत कधी गावाचं नाव काढलं नाही त्यांनी.

तटलेली सगळी लग्नं दिवाळीनंतर एकदम निघाली. आम्ही ज्या सीझनची वाट बघत होतो, तो पहिल्यांदा खरोखर लागला. एक दिवस असा आला की गोडाऊनमध्ये एक खुर्ची शिल्लक नाही. हे रिकाम्या गोडाऊनच्या मधोमध उभे राहून बघत राहिले. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतलेला दिसला मला!

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा उठलेच नाहीत. झोपेतच गेले.

गावाकडून माणसं निघाली. माझ्या नणंदा यायच्या होत्या, त्यांच्यासाठी थांबायचं होतं. घर दोन खोल्यांचं, अंगण नाही. म्हातारी माणसं गल्लीत उन्हात उभी. कुणीतरी म्हणलं, "दिगंबर, खुर्च्या टाक की रे बाबा."

खुर्च्या कुठल्या?

कलीमभाई म्हणले, "दादा, एक पार्टी का माल उठाके लाता हूँ. मैं बोलता उनको, समझ जाएंगे."

"नको," हे म्हणले. "लग्नातल्या माणसाच्या बुडाखालची खुर्ची काढायची व्हय?"

ह्यांचा फोन ऑर्डरीनं सारखा वाजत होता. तो बंद करून माझा घेतला अन् मुकुंदवाडीच्या सोनवणेंना लावला. सोनवणे म्हणजे आमच्याच धंद्यातले. ह्यांना तोंडओळखीनं ओळखायचे, पण नंबर माझा, अन् ह्यांचा आवाज तर बसलेला. मी शेजारी उभी होते, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"खुर्च्या पाहिजे होत्या. बजाजनगरला. लगेच."

"मिळतील ना साहेब! कार्यक्रम काय आहे?"

हे म्हणले, "वडलांचा."

"अरे वा! पंचाहत्तरी का?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे भिंतीकडं बघत होते.

"साहेब? पंचाहत्तरी ना?"

"व्हय," हे म्हणले.

"लई भारी! नशीब लागतं साहेब! मग साध्या नको, कव्हरच्या देतो. मागं सोनेरी रिबन. स्वतः घेऊन येतो!"

"या," म्हणले अन् फोन मला दिला.

टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आला. आत गाडी वळत नाही, म्हणून हे तिथं जाऊन उभे होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं गेले. सोनवणे उतरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात गुलाबाचा हार अन् शाल. ह्यांना बघून चमकले, मग हसले. "अरे, दिगंबरराव, तुमच्याच घरचा कार्यक्रम? मग आधी सांगायचं ना! मोठ्या माणसाच्या पाया पडून जातो. सत्कारमूर्ती कुठंयत?"

ह्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"चला," म्हणले.