दहावी नळी

सीटी स्कॅनच्या खोलीत ताईंची एकोणीस वर्षं गेली होती. माणसाला मशीनच्या सरकत्या टेबलावर झोपवायचं, श्वास धरायला सांगायचं, चित्रं काढायची आणि वर रिपोर्टवाल्या डॉक्टरांकडे पाठवायची, एवढं त्यांचं काम. चित्रं वाचायची नाहीत. पण एवढ्या वर्षांत न शिकवताही डोळा तयार झाला होता, त्याला त्या तरी काय करणार?

एक वायरमन तीन महिन्यांचा खोकला घेऊन आला. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया, असा रिपोर्ट गेला. औषधं झाली, आणि दोन महिन्यांनी तो पुन्हा टेबलावर. डाग तिथंच. ताईंना ते खटकलं. त्यांनी एकेक मिलिमीटर जाडीच्या कापांची चित्रं उघडली आणि वरून खाली उतरत गेल्या.

श्वासनलिकेला फांद्या फुटत फुटत उजव्या फुप्फुसाच्या दहा भागांत दहा नळ्या जातात. पडद्यावर नळी म्हणजे काळं वर्तुळ, भोवती बारीक पांढरी कड, शेजारी साधारण तेवढ्याच जाडीची पांढरी रक्तवाहिनी. ही जोडी सोबतच खाली उतरते. दहावी नळी मागच्या बाजूनं अगदी तळाला जाते. वायरमनची दहावी नळी थोडी उतरली आणि एकदम बुजली. रक्तवाहिनी एकटीच पुढं गेली होती.

ताई चार जिने चढून वर गेल्या. "सर, दहावी नळी जरा बघता का? मधेच संपतेय."

"कफ अडकला असेल." डॉक्टरांनी मान वर केली नाही. त्यांच्यासमोर पाच मिलिमीटरची जाड चित्रं होती. त्यांत असलं काही दिसणारच नव्हतं. "मॅडम, चित्रं तुम्ही झकास काढता. वाचायचं माझ्याकडे राहू द्या."

रिपोर्ट गेला, 'न्यूमोनिया निवळत आहे.'

त्या संध्याकाळी घरी भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मग त्या माणसालाच सांग की."

"नाही सांगता येत, आई. नोकरी जाईल."

"मग माझी पातेली का आपटतेस?"

पाच महिन्यांनी वायरमन तिसऱ्यांदा आला. गालफडं बसली होती, थुंकीतून रक्त पडत होतं. ताईंनी त्याला टेबलावर घेतलं आणि न राहवून विचारलं, "काम करताना तोंडात काही धरता का?"

तो हसला. "दोन हात कुठं पुरतात, ताई? स्क्रू, गिट्ट्या, सगळं दातात." भिंतीच्या भोकात स्क्रू घट्ट बसावा म्हणून ठोकतात, ती प्लास्टिकची गिट्टी.

"कधी गिळली होती?"

"एकदा शिडीवर ठसका लागला होता. वाटलं, गेली पोटात. नंतर विसरून गेलो."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही."

स्कॅनच्या चित्रात प्लास्टिक धातूसारखं चमकत नाही, म्हणून कुणाच्या नजरेत भरलं नव्हतं. ताईंनी त्याचे शब्द जसेच्या तसे फॉर्मवर लिहिले आणि या वेळी वर न जाता थेट छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी पडद्यावर बोट ठेवून दहा नळ्या मोजल्या आणि दुसऱ्याच दिवशी श्वासनलिकेत दुर्बीण घातली. सुजलेल्या मांसात रुतलेली गिट्टी काढायला तास लागला. पण तिच्यामागचा फुप्फुसाचा भाग सडला होता. तो पुढं कापून टाकावा लागला.

महिन्याच्या बैठकीत रिपोर्टवाल्या डॉक्टरांनी ताईंची बारीक चित्रं भिंतीवर दाखवली. "आम्हाला शंका आली होती," ते म्हणाले.

"सर, दुसऱ्या वेळची चित्रंही दाखवा ना," ताई मागच्या रांगेतून म्हणाल्या.

"वेळ संपली, मॅडम."

वायरमन तपासणीला आला तेव्हा दार उघडून आत डोकावला. आता शिडी चढवत नाही, खालची कामं घेतो म्हणाला. "ताई, बरं झालं तुम्ही विचारलंत."

ताईंनी पुढचा फॉर्म ओढला. नुसतं विचारायला कुणाची मनाई नव्हती. तो दुसऱ्या खेपेला आला तेव्हाही नव्हती. हे त्याला कुठल्या तोंडानं सांगणार?