साडेसहाचा सौदा

"तू बाहेरच थांब. आत बोलायचं असतं, ओरडायचं नसतं."

प्राचार्यांच्या केबिनच्या दारात सोहम मला हे म्हणाला. सगळ्यांसमोर. हसत. त्याच्यासोबतचे दोघेही हसले आणि तिघं आत गेले. मी बाहेर, हातात फलक घेऊन.

सोहम आमच्या विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष. राहायला शिवाजी पार्क, वडील वकील. मी चिंचपोकळीच्या चाळीतली. पहाटे दादरच्या फूलबाजारात आईसोबत शेवंती विकून मग कॉलेजला येणारी. पहिल्याच मोर्चात माझा आवाज ऐकून तो म्हणाला होता, "तुमच्या लोकांचा आवाज म्हणजे ना, जन्मजात भारी!" मला ती शाबासकी वाटली. 'तुमच्या लोकांचा' हे मी कानाआड केलं. दोन वर्षं घसा फोडला. पत्रकं तो लिहिणार, भाषणं तो करणार, घोषणा मी देणार. बैठका त्याच्या घरी. तिथे मी तोंड उघडलं की कुणीतरी म्हणायचं, "अगं हळू, शेजारी आहेत."

त्या दिवशीची मागणी मात्र माझी होती. कॉलेजची अभ्यासिका पाचला बंद व्हायची. आमची खोली दहा बाय बारा, माणसं सहा. संध्याकाळी पुस्तक उघडायला जागा नाही. शेवटच्या वर्षाची परीक्षा दोन महिन्यांवर. अभ्यासिका नऊपर्यंत उघडी ठेवा, एवढंच मागणं. वर्गावर्गात फिरून दोन वह्या भरून सह्या मी घेतल्या होत्या.

दहा मिनिटांत दार उघडलं. सोहमने अंगठा वर केला.

"साडेसहा! जिंकलो यार!"

"नऊ मागितले होते."

"सगळं मिळत नसतं गं."

"सर आधी किती म्हणाले?"

"साडेसहाच."

"मग तू काय म्हणालास?"

"थँक्यू म्हणालो."

डोकं सणकलं. मी सातवीपासून भाव करते. पहिला भाव हा भाव नसतोच. गिऱ्हाईक किती भोळं आहे ते बघायला सांगितलेला आकडा असतो तो. पण सोहम भोळा नव्हता. त्याला घरी स्वतःची खोली आहे. टेबल आहे. बंद करता येणारं दार आहे. पाच काय, साडेसहा काय. ज्याला माल लागतच नाही, त्याला आम्ही खरेदीला पाठवलं होतं. चूक त्याची एकट्याची नव्हती. पाठवणारी मीच.

मी दार ढकललं. त्याने माझा दंड धरला. "सीन करू नकोस." मी हात झटकला, पिशवीतून सह्यांच्या वह्या काढल्या आणि आत गेले.

ओरडले नाही. मुद्दाम. "सर, अभ्यासिका नऊपर्यंत हवी."

"तुमच्या अध्यक्षांची सही झाली आहे."

"या दोन वह्यांतल्या कुणी त्यांना ती करायला सांगितलं नव्हतं."

"शिपाई साडेसहाला घरी जातो."

"वॉचमन रात्रभर असतो. किल्ली त्याच्याकडे द्या."

सर चिडले. "हा बाजार नाही!"

"माहीत आहे सर. बाजारात ज्याला माल हवा असतो, त्याच्याशीच बोलतात."

त्यांनी दाराकडे बोट दाखवलं.

त्याच संध्याकाळी साडेसहाला शिपाईकाका अभ्यासिकेत कुलूप घेऊन आले. मी बाकावरून उठले नाही. शेजारच्या दोघी अर्धवट उठल्या, माझ्याकडे बघून पुन्हा बसल्या. मग मागची अख्खी रांग बसून राहिली.

"पोरी, माझी नोकरी घालवशील," काका म्हणाले.

"काका, तुम्ही निघा. विचारलं तर माझं नाव सांगा. आडनावासकट सांगा."

सोहमचा मेसेज आला : तू संघटना फोडतेयस. मी फोन पालथा ठेवला आणि पान उलटलं.

आज अकरावा दिवस. रोज नऊपर्यंत बसतोय, मग वॉचमन कुलूप लावतो. काल हातात नोटीस आली : पालकांना घेऊन प्राचार्यांना भेटावे.

कुणालाही नेणार नाही. एकटी जाणार. आणि या वेळी दहा मागणार.