चेट्टाबाई आणि सैतानाचं घड्याळ

चेट्टाबाई झेराफानं वीस वर्षं जीन्सच्या कारखान्यात शिवणयंत्रं दुरुस्त केली. कारखाना ट्युनिसला गेला, बाई माल्टातच राहिली. बावन्नाव्या वर्षी ती स्लीमाच्या आमच्या ऑफिसात आली, तीन महिन्यांच्या बोलीवर.

आमच्या ऑनलाइन कॅसिनोचा प्रोग्राम लोक घरच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड करत आणि तो बंद पडला की आम्हाला फोन करत. आम्ही पोरंसोरं यादीतले प्रश्न वाचायचो. चेट्टाबाई आधी विचारायची, "शेवटचा हात कुणी लावला?" शिवणयंत्रांनाही तिचा हाच सवाल असायचा. मग निघायचं की कुणाच्या जावयानं नवा अँटिव्हायरस घातलाय, कुणाच्या बहिणीनं जागा होईना म्हणून निम्म्या फाइली पुसल्यात.

घोडं अडलं ते गोझो बेटावरच्या वेन्झूकाकांपाशी. प्रोग्राम उघडला की पाच मिनिटांत मान टाकायचा. चार वेळा काढून पुन्हा घातला, तरी तेच. शेवटचा हात कुणाचा, तर म्हातारा म्हणायचा, "माजाच."

आमचा साहेब टॉर्ब्योर्न, स्वीडनचा. भला माणूस. बुधवारी तो म्हणाला, "चेट्टा, ही तक्रार वीस दिवस उघडी आहे. शुक्रवारी तुझे तीन महिने संपतात. ती मिटली नाही तर वरचे तुला ठेवणार नाहीत. ग्राहकाचा कॉम्प्युटर खराब, असं लिही आणि मोकळी हो."

"खराब नाहीये तो. खोटं कसं लिहू?"

गुरुवारी दुपारी काकांचा फोन आला. बाईच्या हातात चीज भरलेली गरम पास्टिझी होती.

"आत्ताच मेलं गं पोरी, पुन्यांदा."

"काका, मरताना तो एक नोंद करतो. मी सांगते तशी उघडा आणि शेवटची ओळ वाचा."

चष्मा शोधण्यात थोडा वेळ गेला. "हां. चार वाजायला दोन मिनटं. फुडं समदं इंग्रजीत रडलंय."

तेवढ्यात फोनमधून चर्चची घंटा ऐकू आली. आमच्या खिडकीतूनही येतच होती, बाराची. चेट्टाबाईनं पास्टिझी खाली ठेवली.

"काका, किती वाजले?"

"बारा. बहिरी हायस का?"

"मग कॉम्प्युटरात चार कसे?"

"म्याच लावल्यात. चाळीस वर्सं चर्चची दोन्ही घड्याळं म्याच लावली, एक खरं, एक सैतानाला चकवायला खोटं. आता घरात पत्त्यांचा अड्डा आणलाय. त्येनं डोकावलं तर त्याला चार दिसाय पायजेत."

चेट्टाबाई हसली नाही. तिच्या आईच्या गावातही दोन घड्याळं होती.

"काका, आमच्याकडे बारा, तुमच्याकडे चार. या भांडणात प्रोग्राम मरतोय. खरी वेळ लावा."

"त्यापरीस खेळणं सोडतो. पर तक्रार न्हाई सोडत."

"मग उद्या माझी नोकरी जाईल."

पलीकडं काका खाकरले. बाईनं हळूच विचारलं, "भिंतीवर घड्याळ आहे?"

"हाय. मिनटाला मिनिट."

"मग अदलाबदल करा. भिंतीवरचं खोटं, आतलं खरं. सैतान घरात शिरला की आधी भिंतच बघणार ना?"

"तुजी आई कुठली?"

"नाशरची."

"तरीच."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काका खेळायला बसले आणि अर्धा तास बाईनं फोन ठेवला नाही.

"हरलो बघ," काका शेवटी म्हणाले. "पर मेलं न्हाई."

शुक्रवारी टॉर्ब्योर्ननं अहवाल वाचला. "घड्याळ मुद्दाम चुकीचं लावलेलं? कशासाठी?"

"सैतानासाठी."

तो खिडकीशी गेला आणि समोरच्या चर्चच्या दोन्ही घड्याळांकडं बघत राहिला. "चार वर्षं मला वाटतंय, त्यातलं एक बिघडलंय. मी फादरना कळवणार होतो."

"कळवलं नाहीत ते बरं झालं."

त्यानं तिच्या कायमच्या नोकरीच्या कागदावर सही केली आणि आमच्या यादीत पहिला प्रश्न घातला: कॉम्प्युटरात किती वाजलेत?

सोमवारी पहिलाच फोन काकांचा.

"काल चर्चची मिस्सा चुकली. सवयीनं भिंतीकडं बघितलं."

"तक्रार लिहू का?"

"नगं. तू हायस का गेलीस, तेवढंच बघायचं हुतं."