मामीची धावपट्टी आणि शेठचे पांढरे खडे

माझी मामी माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाही, चपलांवरून ओळखते. लग्नकार्यात कुणी "ओळखलंत का?" म्हणत समोर आलं, की ती आधी खाली बघते आणि मग म्हणते, "अगंबाई, तुम्ही होय! टाच नवी बसवलीत वाटतं." लोकांना वाटतं, बाई किती लाजाळू! मामी आणि लाजाळू! मान खाली घालायची सवय तिला नोकरीनं लावली. आमच्या शहराबाहेर खासगी विमानांसाठी एक छोटा विमानतळ आहे, तिथे ती धावपट्टी झाडायची गाडी चालवते. तिथले सगळे तिला "खराटा" म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त मामांची, आणि तीही जेवण झाल्यावरच.

मामा त्याच विमानतळावर विमानांचे पंखे दुरुस्त करतात. मी पुढच्या खिडकीत बसून पास देते, त्यामुळे या दोघांचा संसार मला घरी आणि कामावर असा दोन्हीकडे बघायला मिळतो. तिकीट मात्र कुणी लावू देत नाही.

या संसाराची सुरुवातच एका आकड्यानं झाली. मामी तेव्हा शाळेची बस चालवायचं सोडून नवीनच इथे लागली होती. मामा केसांचा आकडा चिमटीत धरून तिच्यापुढे उभे राहिले. "हा धावपट्टीवर सापडला. पात्याला लागला असता म्हणजे?" मामीनं डोक्यावरची टोपी काढली. केस मुलासारखे बारीक कापलेले. "आता तुम्हीच दाखवा, कुठे लावू?" मामा म्हणे तोंडात मारल्यासारखे परत गेले. आकडा त्यांनी कँटीनवाल्या बाईंकडून मागून आणला होता, हे मामीला साखरपुड्यात कळलं. कँटीनवाल्या बाईंनीच फोडलं.

आता एवढ्याशा आकड्याचं किंवा खड्याचं एवढं काय, असं नवा माणूस हमखास विचारतो. मामा त्याला पंख्याजवळ नेतात. आमच्याकडे येणारी बरीचशी विमानं टर्बोप्रॉप, म्हणजे आत जेटसारखं इंजिन आणि नाकावर मोठा पंखा. तो फिरायला लागला की पात्याचं टोक बंदुकीच्या गोळीशी शर्यत लावल्यासारखं पळतं. खडा बिचारा जमिनीवर पडलेला असतो. पंखाच त्याला ओढून वर घेतो आणि त्याच्यावर जाऊन आपटतो. पात्याच्या धारेचा टवका उडतो. टवक्याच्या जागी चीर धरते. आणि चीर वाढली की पातं कुठे तुटेल ते सांगता येत नाही, बहुतेक वर आकाशात. एवढं ऐकल्यावर नवा माणूस आपल्या बुटांचे तळवे तपासायला लागतो.

तर झालं असं, की एका शेठच्या विमानाच्या पात्याला टवका पडला.

शेठ म्हणजे बांधकामवाले. विमान सहा माणसांचं, पांढरंशुभ्र. त्यांचा वैमानिक, कॅप्टन, उंचापुरा, काळ्या चष्म्यातला आणि अत्तरातला. विमानांच्या शेडच्या, म्हणजे हँगरच्या, एका कोपऱ्यातून तो आला की दुसऱ्या कोपऱ्यातल्या माणसाला शिंक यायची. उड्डाणाआधी मामा नेहमीसारखं पात्याच्या धारेवरून बोट फिरवत होते. तिसऱ्या पात्याच्या टोकाजवळ बोट थांबलं. छोटा टवका असता तर त्यांनी कानशीनं घासून धार गुळगुळीत केली असती. हा खोल होता. पंखा उतरवून कारखान्यात पाठवण्यावाचून इलाज नव्हता.

"म्हणजे आज जायचं नाही?" शेठनी विचारलं. पाहुणे बॅगा घेऊन उभे होते.

"जाता येईल," मामा म्हणाले, "पण मी येणार नाही."

पाहुण्यांनी बॅगा गाडीत परत ठेवल्या. शेठनी कॅप्टनकडे बघितलं. कॅप्टननं चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "धावपट्टीवर कचरा असतो, साहेब. मी काय करणार?"

हे वाक्य मॅनेजरपर्यंत पोचलं, मॅनेजरनं ते मामीपर्यंत पोचवलं, आणि मामीचा आवाज माझ्या खिडकीची काच बंद असताना माझ्यापर्यंत पोचला.

"माझ्या धावपट्टीवर? अहो, तिथे मुंगी साखर घेऊन गेली तरी मी तिला हटकते!"

मॅनेजरनं मामांना बोलावलं. "तुमचं मत काय?"

मामा सरळ माणूस. "खडाच लागलाय," ते म्हणाले. "कुठला, ते मी कसं सांगू?"

झालं! स्वतःच्या नवऱ्यानं भर ऑफिसात "आमच्या हिची धावपट्टी स्वच्छ असते" एवढंही म्हणू नये? मामीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायचे, त्यामुळे सगळा व्यवहार माझ्यामार्फत सुरू झाला.

"तुझ्या मामांना सांग, भाजीत मीठ कमी असेल तर खडा टाकून घ्या म्हणावं. कुठलाही चालेल."

"तुझ्या मामीला सांग, मी खोटं बोलणार नाही."

"त्यांना सांग, खोटं नको होतं, खरंच जरा मोठ्यानं बोलायचं होतं."

दोघं एकाच टेबलावर, हातभर अंतरावर. मी मधे पोळी हातात धरून मान इकडून तिकडे फिरवत होते. शेवटी मामा माझ्याकडे बघत म्हणाले, "तिला हेही सांग, की भिंगातून बघितलं तेव्हा त्या खाचेत पांढरी पूड होती. धावपट्टीची खडी काळी आहे."

मामीचा घास हातात राहिला. मग ती एकदम म्हणाली, "शेठचे वाफे!"

शेठनी आपल्या हँगरसमोर, विमान उभं करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, शोभेचे वाफे केले होते. त्यांत फुलं कमी आणि पांढरे गुळगुळीत खडेच जास्त. मामीचा पहिल्या दिवसापासून त्यांच्यावर राग. "विमानाशेजारी खडे म्हणजे बाळाच्या पाळण्यात सुया," असं तिनं मॅनेजरला सांगूनही झालं होतं. मॅनेजर म्हणाला होता, खडे वाफ्यात आहेत, ते काही चालत येणार नाहीत.

चालत नाही, उडत येत होते, आणि कसे ते सगळ्यांना माहीत होतं. या विमानांची पाती उलटी कलवता येतात. तशी कलवली की वारा पुढच्या बाजूला फेकला जातो आणि विमान चक्क मागे सरकतं. उतरताना वेग आवरायला ते ठीक. पण कॅप्टन पाहुण्यांसमोर विमान असं मागे घेत घेत दोन वाफ्यांच्या मधे नेऊन लावायचा. पाहुणे टाळ्या वाजवायचे. धूळ, पानं, खडे, सगळं उठून पंख्यात. विमान ओढायचा छोटा ट्रॅक्टर शेजारीच रिकामा उभा असायचा.

मामीनं हे मॅनेजरला सांगितलं. मॅनेजरनं कॅप्टनला विचारलं. "मी? मागे? छे!" आणि ज्यांनी ज्यांनी बघितलं होतं, त्यांना अचानक आठवेना. शेठचा हँगर सगळ्यात मोठा होता.

"ठीक आहे," मामी म्हणाली. ती "ठीक आहे" म्हणाली की आमच्या घरात सगळे जरा सावरून बसतात.

पंखा दुरुस्त होऊन आला, मामांनी बसवला, विमान पुन्हा येऊ-जाऊ लागलं. एके दिवशी शेठच्या सासूबाई त्या विमानानं यायच्या होत्या. शेठ स्वतः पांढरे कपडे घालून, हातात गुच्छ घेऊन हँगरसमोर उभे. सकाळीच मामीनं शेठच्या माळ्याला गाठलं होतं. "दादा, हे खडे किती मळलेत! सासूबाई येणार, धुऊन नको का काढायला?" माळ्याला पटलं. त्यानं एकूण एक खडा पोत्यांत भरून नळावर नेला. "आणि वाफे उघडे बरे दिसत नाहीत," असं म्हणून मामीनं त्यांवर पिवळ्या खडूची पूड पसरली. आवारात रेघा मारायला तिच्याकडे ती पोत्यानं असते. वाफे असे दिसत होते, की शेठ स्वतःच म्हणाले, "वा, छान!"

मी खिडकी सोडून बाहेर आले होते. खोटं कशाला बोलू, मला थोडं आधी कळलं होतं.

विमान उतरलं. डौलात वळलं. हँगरकडे शेपटी केली. क्षणभर थांबलं, आणि मग पंख्याचा आवाज बदलला.

पिवळा ढग उठला तो आधी कॅप्टनच्या काचेवर गेला, मग पंख्यात, मग पंखांवर, आणि मग घाई नसल्यासारखा शेठकडे आला. शेठ, गुच्छ, मॅनेजर, सगळे एका रंगाचे झाले. विमान थांबलं. दार उघडलं. सासूबाई शिडीच्या पहिल्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि जावयाकडे बघत राहिल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "कावीळ झाली तर कळवायचं तरी!"

आणि पायरीवरच बसून हसायला लागल्या. मामा कुणाकडे न बघता पंख्याजवळ गेले, पात्यावरून बोट फिरवलं आणि पिवळं बोट मॅनेजरपुढे धरलं. या वेळी मात्र मोठ्यानं म्हणाले, "वाफ्यातलं पंख्यात येतं. हे बघा. धावपट्टी स्वच्छ आहे."

मामी दूर गाडीत बसून आता कॅप्टनची ऐट कशी उतरते ते बघायला अगदी सरसावली होती. मॅनेजर कॅप्टनकडे वळला, "तुम्ही तर म्हणाला होतात..." कॅप्टन मान खाली घालून उभा. पापण्या पिवळ्या.

"त्याला काही बोलू नका," शेठ खाकरले. "मीच सांगायचो, मागे घे म्हणून. पाहुण्यांना आवडतं. तो नकोच म्हणत होता."

मामीचा चेहरा बघण्यासारखा झाला. जिंकल्यावर हवा गेलेला असा चेहरा मी पहिल्यांदाच बघितला. ती गाडीतून उतरली, कॅप्टनजवळ गेली, त्याच्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाली, "मग माझ्या धावपट्टीचं नाव कशाला घेतलंत हो?"

"मालकाचं नाव घेता येत नाही, ताई. चुकलं माझं."

"मीही विचारायला हवं होतं तुम्हाला. सरळ," मामी म्हणाली आणि त्याच्या हातात आपला रुमाल दिला. कॅप्टननं तोंड पुसलं. रुमालही खडूनंच माखलेला होता, त्यामुळे विशेष फरक पडला नाही.

मॅनेजरनं तिला आत बोलावून "हा विमानतळ आहे की शाळेचं स्नेहसंमेलन?" असं सुरू केलं आणि गाडीची किल्ली काढून घेतली. दुसऱ्या दिवशी बदली ड्रायव्हरनं गाडी मागे घेताना मॅनेजरचीच मोटार ठोकली. किल्ली दुपारी परत मिळाली. खडे शेठच्या बंगल्यावर गेले, आणि सासूबाईंनी जावयाला ट्रॅक्टरनं विमान ओढून नेताना टाळ्या वाजवायला लावल्या असं माळी सांगतो. मी काही ते बघितलं नाही.

मी बघितलं ते एवढंच: त्या दिवशी दुपारभर मामा विमान धूत होते. इंजिनाची झाकणं उघडी, पिवळं पाणी गटाराकडे चाललेलं, मामांची विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली. मामी पाण्याचा पाइप धरून उभी.

"अगं, जरा कमी पूड टाकली असतीस तर?" मामा म्हणाले.

मामीनं माझ्याकडे बघितलं. मी हात वर केले. "मी नाही हं आता. तुम्ही तुमचं बघा."

"दिसली नसती मग," ती थेट मामांना म्हणाली. "तुमचं ते धावपट्टीचं वाक्य मात्र छान झालं."

"हो?"

"हो. दुसऱ्यांदा म्हणा बघू."

मामांनी आजूबाजूला बघितलं, आणि पाइपातलं पाणी अंगावर यायच्या आत भराभर म्हणून टाकलं.