पहिलीच जोडी

आमचा दादा बेअरिंग कानाने निवडतो. नंबर बघतो, माप घेतो, पण शेवटचा निकाल कानाचा. तीस वर्षं त्याच्या गॅरेजचा काउंटर मी सांभाळतेय, तेही धाकटी बहीण म्हणून बिनपगारी, तेव्हा मला विचारा. बेअरिंग पेट्रोलमध्ये धुवायचं, पातळ तेलाचा एक थेंब सोडायचा, बोटात अडकवून फिरवायचं आणि कानाशी धरून डोळे मिटायचे. जरा खरखरलं की बाद. दहातली नऊ तो बाद करायचा. त्याला येताना बघूनच दुकानदार कपाळाला हात लावायचे.

या वेळचं इंजिन घरचंच होतं. आमच्या वडिलांची जुनी मोटरसायकल दादाच्या लेकीला हवी होती. डोंगरापलीकडे तिला नोकरी लागली होती आणि पहिल्या दिवशी आजोबांच्या गाडीवरूनच जायचं, असा हट्ट. बापाचीच लेक ती.

क्रँकची, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याची, दोन्ही बेअरिंगं गेली होती. नवी घ्यायची तर ती मापाला जरा लहान, भोवती कडी बसवावी लागली असती. दुसरीकडे एका बंद पडलेल्या दुकानातून मूळ कंपनीच्या चार जोड्या आल्या होत्या, मेणकागदात गुंडाळलेल्या. कागदावर ओलीचे डाग होते. मी म्हटलं, नवीच घे बाबा. दादा म्हणाला, मूळ ते मूळ.

त्याने पहिली जोडी धुतली, फिरवली, कानाशी धरली.

"आवाजच नाही," तो म्हणाला. "लोणी आहे नुसतं."

पहिलीच जोडी पास! तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला ते खटकलं. कारण हल्ली घरचा रेडिओ शेजाऱ्यांनाही ऐकू जात होता. वहिनी म्हणायची, हे माझं लग्नापासूनच ऐकत नाहीत, आता निदान कारण तरी मिळालं. आम्ही हसायचो.

दादा हात धुवायला गेला तेव्हा मी ते बेअरिंग कानाशी फिरवलं. आत वाळू असावी तसं खरखरलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मागे एका गिऱ्हाइकाने तोंडावर बहिरा म्हटलं, तर हा चार दिवस गॅरेजची पायरी चढला नव्हता. तोंड चालवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, आणि नेमकी तेव्हाच माझी दातखीळ बसली. इंजिन सुरू झाल्यावर त्याला आपोआप कळेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आज सकाळी गाडी सुरू झाली. दादाने लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला. ठोक्यांच्या खाली ती खरखर मला काउंटरवरून ऐकू येत होती. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला,

"तू सांग. काही ऐकू येतंय का?"

म्हणजे आपले कान गेलेत हे त्याला माहीत होतं. पोरगी हेल्मेट हातात घेऊन बापाकडे कौतुकाने बघत होती. तिच्यासमोर त्याची मान खाली जाईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"नाही दादा," मी म्हटलं. "छान चाललंय."

पोरगी निघाली. डोंगर उतरले की फोन करते आत्या, म्हणाली. उतारावर वेगात असताना क्रँक जाम झाला तर मागचं चाक जागीच अडकतं, हे या गॅरेजात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मी तिला दोनदा फोन लावला. गाडीवर असताना ती उचलत नाही. बापाचीच शिकवण.

अकराच्या सुमारास दादाचा फोन वाजायला लागला. तो बाकावर, त्याच्या कोपराशीच होता, आणि दादा उरलेल्या तीन जोड्या पुन्हा मेणकागदात गुंडाळत होता. मी जवळ गेले. नंबर अनोळखी होता. फोन वाजून थांबला आणि परत वाजायला लागला. माझा हात काही पुढे होईना.

दादाने मान वर केली.

"काय गं," तो म्हणाला, "अशी का उभी?"